फुटाळ्यापासून सीएसएमटीपर्यंत: मॅरेथॉन प्रशिक्षण वर्गाचा चोवीस आठवड्यांचा अनुभव

4 ऑगस्ट 2024 रोजी, रविवारी पहाटे पाच वाजता, नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर आम्ही 38 जण झडीच्या पावसात भिजत उभे होतो आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांनी आयुष्यात सलग दोन किलोमीटरही धावलेले नव्हते. मीही त्यांतलीच. वय 44, एका सहकारी बँकेच्या लेखा विभागात दिवसभर खुर्चीवर बसून काम, आणि व्यायामाच्या नावाखाली लक्ष्मीनगरच्या बागेतील संध्याकाळची फेरी. तरीही 19 जानेवारी 2025 च्या टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण 42.195 किलोमीटर धावण्याचा आणि त्या निमित्ताने विदर्भातील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधी मिळवून देण्याचा निश्चय करून मी शहरातील एका प्रशिक्षण वर्गात नाव नोंदवले होते. वर्गाचे नाव येथे लिहीत नाही, कारण त्यातील उणिवा कदाचित त्या एकाच वर्गाच्या नसतील; मात्र जे मिळाले आणि जे मिळाले नाही, ते दोन्ही मोजून सांगण्याचा प्रयत्न करते.

वर्गाने विकलेल्या गोष्टी दोन होत्या. पहिली, चोवीस आठवड्यांचे धावण्याचे प्रशिक्षण, शुल्क 14,500 रुपये. दुसरी, ‘चॅरिटी रनर’ म्हणून नाव देणाऱ्यांसाठी निधिसंकलनाचे मार्गदर्शन, शुल्क 3,500 रुपये. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी धरून मी एकूण 21,240 रुपये भरले. माझे मत आधीच सांगून टाकते: पहिल्या गोष्टीचे पैसे वसूल झाले, दुसरीचे वाया गेले. आणि ज्या तिसऱ्या गोष्टीबद्दल वर्गाने काही बोललेच नाही, ती विदर्भातील कोणत्याही धावण्याच्या वर्गाने सर्वांत आधी विचारायला हवी होती.

प्रशिक्षणाची घडी चांगली बसवलेली होती. मंगळवारी रवी नगरच्या मैदानावर इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगाने मारायच्या फेऱ्या), गुरुवारी सेमिनरी हिल्सवर चढणीचा सराव, शनिवारी विश्रांती किंवा हलका व्यायाम, आणि रविवारी फुटाळ्यापासून तेलंगखेडी, जापनीज गार्डन, सिव्हिल लाइन्स असा लाँग रन. उरलेल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भागात सावकाश धावायचे. हे ‘सावकाश’ शिकवण्यात मुख्य प्रशिक्षकांनी घेतलेले कष्ट मला सर्वांत मोलाचे वाटतात. नवशिक्या माणसाला वेगाने धावावेसे वाटते, दोन किलोमीटरमध्ये तो धापा टाकतो आणि मग धावणे आपल्याला जमणारे नाही असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. आमच्या सरांचा नियम एकच होता: धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, आणि ते जमत नसेल तर वेग कमी करायचा. सुरुवातीच्या आठवड्यांत ते मागून सायकलवर येत आणि शुद्ध नागपुरी थाटात विचारीत, “ताई, श्वास काउन रोखून राहिल्या? बोला की काहीतरी.” मग मी त्यांना बँकेतील थकबाकीदारांच्या गोष्टी सांगत असे. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्यांना आमच्या शाखेतील निम्मी थकीत कर्जे तोंडपाठ झाली असावीत.

पावले कशी पडतात, हात कोठे असावेत, उतारावर टाचा आपटून कसे धावू नये, या गोष्टी त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवल्या. रविवारी सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्या धावपटूसोबत एक प्रशिक्षक असेच. बहुतेक वेळा तो शेवटचा धावपटू मीच असे, त्यामुळे हे मी खात्रीने लिहू शकते.

तक्रार आहे ती वेळापत्रकाविषयी. छापील तक्त्यात आठव्या आठवड्यात 14 किलोमीटरचा लाँग रन होता आणि नवव्या आठवड्यात थेट 19 किलोमीटरचा. म्हणजे एका आठवड्यात सुमारे 36 टक्के वाढ. आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपासच अंतर वाढवावे हा संकेत तंतोतंत पाळला नाही तरी चालते, पण ही उडी कोणत्याही हिशेबात बसत नाही. मला त्याच आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. फिजिओथेरपिस्टकडे गेले, तेव्हा जाहिरातीत ‘समाविष्ट’ असलेल्या या सेवेचे प्रत्येक भेटीला 600 रुपये वेगळे द्यावे लागतात असे समजले. मी तीन भेटी घेतल्या आणि बारा दिवस धावणे बंद ठेवले. प्रशिक्षकांनी मात्र चूक मान्य करून पुढच्या तक्त्यात बदल केला आणि लाँग रन दर चौथ्या आठवड्यात कमी केला. तीच गोष्ट आधी केली असती तर माझे बारा दिवस आणि 1,800 रुपये वाचले असते.

नागपूरच्या रस्त्यांचा आणि दिनदर्शिकेचा विचार वर्गाने पुरेसा केला नव्हता. 12 ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिन होता आणि दुसऱ्या दिवशीच्या रविवारी दीक्षाभूमीच्या परिसरात लाखो लोक परतीच्या वाटेवर असणार हे नागपुरात लहान मुलालाही माहीत असते. वर्गाच्या संदेशात मात्र नेहमीचाच मार्ग होता. मी लक्ष्मीनगरची, त्यामुळे गर्दीतून वाट काढत घराजवळच पहाटे सोळा किलोमीटर पूर्ण केले. वाटेत एका पाण्याच्या स्टॉलवरील कार्यकर्त्यांनी हाक मारली, “ताई, धावून राहिल्या ना, पाणी घेऊन जा,” आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी हातात ठेवली. चोवीस आठवड्यांतील सर्वांत चांगला हायड्रेशन पॉइंट तो होता, आणि तो वर्गाचा नव्हता.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाने याची पुनरावृत्ती झाली. 15 डिसेंबर 2024 रोजी, रविवारी, राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी होता आणि दुसऱ्या दिवसापासून अधिवेशन. सिव्हिल लाइन्समध्ये पहाटेपासून बॅरिकेड लागलेले होते. आमचा 30 किलोमीटरचा लाँग रन आयत्या वेळी अमरावती मार्गावर वाडीच्या दिशेने हलवण्यात आला, जेथे पहाटेही मालवाहू ट्रकांची रांग असते, धूळ असते आणि पदपथ अर्धे नाहीतच. दोघांना कुत्र्यांनी पिटाळले, तिसऱ्याने वाहनाला चुकवताना घोटा मुरगळून घेतला. अधिवेशनाच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. गोरेवाड्याकडील किंवा काटोल मार्गावरील पर्याय आठवडाभर आधी शोधता आला असता. 22 डिसेंबरचा 32 किलोमीटरचा सर्वांत लांब सराव तेवढा नीट पार पडला. तो मी 4 तास 10 मिनिटांत पूर्ण केला आणि नंतर तर्री पोह्यांच्या दोन प्लेट खाल्ल्या, त्या खाल्ल्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

आहाराविषयी एवढेच लिहिते की तक्त्यात ओट्स, क्विनोआ आणि ॲव्होकाडो होते. संत्र्याच्या गावात बसून न्याहारीला ॲव्होकाडो खाण्याचा सल्ला पाळणे मला शक्य झाले नाही. शनिवारी रात्री सावजी खायचे नाही, हा एकच नियम मी काटेकोरपणे पाळला. लांब धावताना तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत आणि नुसते पाणी अति प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, हे मात्र सहायक प्रशिक्षकाने उत्तम समजावले. खजूर, केळी, एनर्जी जेल आणि ओआरएस यांचे प्रमाण त्याने लाँग रनमध्ये आमच्याकडून प्रत्यक्ष करून घेतले. शर्यतीच्या दिवशी नवे काहीही पोटात घालू नका, हे त्याचे सांगणे अक्षरशः खरे ठरले.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येते. नोंदणीच्या अर्जात रक्तगट, रक्तदाब, मधुमेह, दमा, जुन्या दुखापती, अगदी टी-शर्टचा मापही विचारला होता. सिकलसेलविषयी एक शब्दही नव्हता. विदर्भात सिकलसेलचा प्रसार इतका आहे की आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यांतही ‘पॅटर्न’ विचारला जाऊ लागला आहे. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे येथील अनेक घरांत शाळेत न शिकताही माहीत असते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासणीचे शिबिर कोठे ना कोठे होतच असते. मी ज्या मुलांसाठी धावत होते त्यांच्यापैकी एक आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा नातू आहे. थंडीत, पाणी कमी प्यायल्यावर किंवा जास्त दमल्यावर त्याला क्रायसिस होतो, हातापायांत असह्य वेदना होतात आणि शाळा आठवडाभर बुडते.

वाहक व्यक्ती सहसा पूर्णपणे निरोगी असते आणि तिने धावू नये असे कोणीही म्हणत नाही. पण अतिश्रम, पाण्याची कमतरता आणि उष्णता एकत्र आल्यास वाहकांमध्येही स्नायूंच्या पेशी तुटणे किंवा अचानक कोसळणे असे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. याच कारणाने अमेरिकेत विद्यापीठीय खेळांच्या सर्वोच्च श्रेणीत 2010 पासून खेळाडूंच्या वाहकत्वाची विचारणा होऊ लागली. आमच्या तुकडीतील एका तरुणाने सहाव्या आठवड्यात, जोरदार इंटरव्हलनंतर मांड्या आखडल्या तेव्हा, आपला पॅटर्न एएस असल्याचे सांगितले. प्रशिक्षकांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. येथे त्यांचे श्रेय त्यांना द्यायला हवे, कारण त्यांनी ते लपवले नाही, दोन दिवसांत डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि त्या मुलासाठी वेगळी आखणी केली: वॉर्म-अप लांबवायचा, अचानक पूर्ण जोर लावायचा नाही, दोन फेऱ्यांमध्ये भरपूर विश्रांती, ऑक्टोबरच्या उन्हात सराव टाळायचा, आणि स्नायूंत वेगळ्या प्रकारची कळ आली तर थांबायचे, ‘दम काढायचा’ नाही. त्या मुलाने जानेवारीत माझ्यापेक्षा चाळीस मिनिटे आधी शर्यत पूर्ण केली. पण तो बोलला म्हणून हे घडले. सिकलसेलच्या मुलांसाठी पैसे गोळा करणाऱ्या धावपटूंच्या तुकडीत सिकलसेलचा प्रश्नच अर्जात नसावा, याची मला आजही गंमत वाटत नाही.

निधिसंकलनाच्या मार्गदर्शनाची कथा अधिक लांबवण्याची गरज नाही, पण रकमा महत्त्वाच्या आहेत. 3,500 रुपयांच्या बदल्यात मला मिळाले ते एक तासाचे ऑनलाइन सत्र, एक पोस्टर आणि देणगी मागण्यासाठी एक नमुना-संदेश. संदेशात लिहिले होते की देणगी ‘सर्वांसाठी करमुक्त’ असून प्रमाणपत्र ‘तत्काळ’ मिळेल. दोन्ही विधाने चुकीची होती. त्या वर्षी लागू असलेल्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80जी नुसार मिळणारी वजावट ही संस्थेची नोंदणी कोणत्या प्रकारची आहे त्यावर अवलंबून होती, अशा संस्थांच्या बाबतीत साधारणपणे देणगीच्या 50 टक्क्यांवर आणि तीही उत्पन्नाशी निगडित मर्यादेत मिळत होती, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळत होती. आता मूळ पर्याय नवी करप्रणाली आहे, त्यामुळे नोकरदारांपैकी अनेकांना या वजावटीचा काहीही उपयोग नाही. 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला ती मिळतच नाही. आणि प्रमाणपत्र म्हणजे तेव्हाचा फॉर्म 10बीई, ते संस्था आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत देत असे; त्यासाठी देणगीदाराचा पॅन क्रमांक अचूक नोंदलेला असावा लागे. मी लेखा विभागात आहे म्हणून हे मला माहीत होते. माझ्या आधी तोच संदेश जसाच्या तसा पाठवणाऱ्या आमच्या एका सहधावपटू काकांना त्यांच्या भाच्याकडून, “काका, मला तर काहीच सूट नाही मिळून राहिली,” असा फोन आला आणि त्यांना संकोचाने सगळ्यांची क्षमा मागावी लागली.

याहून गंभीर बाब अशी की वर्गाच्या समन्वयकाने रोख देणग्या एकत्र गोळा करून ‘एकदम भरू’ असे सुचवले होते. हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण तसे केल्यास पावती भरणाऱ्याच्या नावाने निघते, देणगीदाराच्या नाही, आणि हिशेब तपासायची वेळ आली तर उत्तर द्यायला कोणी उरत नाही. मुंबई मॅरेथॉनचे निधिसंकलन युनायटेड वे मुंबई या संस्थेच्या माध्यमातून होते. त्यामुळे देणगीदाराने अधिकृत पानावरून स्वतः पैसे भरणे हाच एकमेव स्वच्छ मार्ग होता, आणि मी तोच धरला. बँकेतील सहकारी, शाळेच्या मैत्रिणी, सोसायटी, महाल भागातील माहेरचे लोक अशा 143 जणांकडून 1,86,400 रुपये जमले. सर्वांत लहान देणगी 51 रुपयांची होती आणि ती मावशींनी दिली. त्या स्वतः भरू शकत नव्हत्या, म्हणून त्यांच्या नावाने मी बसून भरून दिली. शुल्क, दोन जोडी बूट, फिजिओथेरपी, गाडीभाडे, मुंबईतील राहणे हा सगळा खर्च मी माझ्या खिशातून केला आणि देणगी मागतानाच तसे लिहिले. लोक हा प्रश्न विचारत नाहीत, पण त्यांच्या मनात तो असतो.

शर्यतीच्या दिवसाबद्दल थोडे, कारण वर्गाची एक उणीव तेथेच उघडी पडली. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने निघालो, शनिवारी बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) घेतला आणि रविवारी पहाटे पाचला सीएसएमटीहून धावू लागलो. नागपुरात डिसेंबर-जानेवारीची पहाट कोरडी आणि बारा अंशांच्या आसपास असते, घाम येतो आणि लगेच वाळतो. मुंबईत तो वाळतच नाही. शरीराला अशा हवेची सवय व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात हे प्रशिक्षण देणाऱ्याला ठाऊक असायला हवे, आणि दोन आठवडे आधी मुंबईत जाणे शक्य नसेल तर निदान ठरवलेला वेग कमी करा एवढे तरी सांगायला हवे. वर्गाने सर्वांना नागपुरातील सरावावरून काढलेला वेगच दिला होता; मला किलोमीटरला 7 मिनिटे 20 सेकंद, म्हणजे पूर्ण अंतर सुमारे 5 तास 9 मिनिटांत. सी लिंकवर उजाडेपर्यंत सगळे ठीक होते. 31 व्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्या आखडल्या आणि परतीच्या पेडर रोडची चढण मी जवळजवळ पूर्ण चालत पार केली. सेमिनरी हिल्सचा सराव तेथे कामी आला, पण पायांत मीठ उरले नव्हते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी खारे बिस्किट आणि लिंबू दिले, त्यावर शेवटचे पाच किलोमीटर धावता आले. अधिकृत वेळ 5 तास 38 मिनिटे. ज्यांना नागपूरहून पहिल्यांदा तेथे जायचे आहे त्यांनी लक्ष्यवेगात किलोमीटरला किमान 20 ते 30 सेकंद सोडून द्यावेत, असे मी माझ्या पोटऱ्यांच्या साक्षीने सांगते.

ज्याला धावणे मुळापासून शिकायचे आहे त्याने केवळ 14,500 रुपयांचे प्रशिक्षण घ्यावे, तक्ता हातात आल्यावर दर आठवड्याची वाढ स्वतः मोजावी आणि ‘समाविष्ट’ या शब्दाचा अर्थ लेखी विचारून घ्यावा. निधिसंकलनाचे मार्गदर्शन विकत घेण्याची गरज नाही. ज्या संस्थेसाठी धावणार आहात तिच्या लेखापालाशी अर्धा तास बोललात तर अधिक आणि अचूक माहिती मिळेल, फुकट.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या देणगीदारांना फॉर्म 10बीई मिळाले. दोघांचे पॅन चुकले होते, ते दुरुस्त झाले. जुलैत वर्गाची नवी तुकडी सुरू झाली, तिचा अर्ज मी मुद्दाम मागवून पाहिला. रक्तगटाच्या खाली आता एक नवी ओळ आहे: ‘सिकलसेल पॅटर्न (माहीत असल्यास)’. देणगीचा नमुना-संदेश मात्र जुनाच आहे, आणि त्यात देणगी अजूनही ‘सर्वांसाठी करमुक्त’ आहे.